जहराच्या पलीकडचा तंबू

कुवेतला येऊन तीन वर्षं झाली तेव्हा मिरजेहून धाकट्या बहिणीचं पत्र आलं. घरचं सगळं नेहमीचं लिहून झाल्यावर शेवटी तिने विचारलं होतं, ‘कुवेत कसं आहे गं? तू कधी लिहीतच नाहीस.’ उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं, मला कुवेत ठाऊकच नाही. मला हॉस्टेलची खोली ठाऊक होती, बायकांचा सर्जिकल वॉर्ड ठाऊक होता आणि या दोघांना जोडणारी स्टाफची बस ठाऊक होती. सुट्टीच्या दिवशी फरवानियाला जाऊन साबण, केसांचं तेल आणि आईसाठी एखादं लुगडं घेऊन यायचं. बस. एवढंच लिहून पत्र पाठवायची मला लाज वाटली. तो कागद मी फाडला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची होते. वॉर्डात त्या हिवाळ्यात एक म्हातारी बाई दाखल झाली. डायबेटिसने पायाला जखम झालेली, टाचेपर्यंत चिघळलेली. चेहऱ्यावर काळं कापड, त्याला डोळ्यांपुरत्या दोन फटी. रोज सकाळी तिचं ड्रेसिंग मी करायची. चाळीस दिवस केलं. इतर बायका ड्रेसिंगच्या वेळी रडायच्या, देवाचा धावा करायच्या. ही छताकडे बघत मला नवे शब्द शिकवायची. माझं अरबी तोवर वॉर्डापुरतं होतं. दुखतंय का, कुशीवर वळा, तोंड उघडा, एवढंच. तिने मला ढग शिकवला, विहीर शिकवली, गाभण सांडणीला काय म्हणतात ते शिकवलं. तिला काय म्हणून हाक मारायची तेही तिनेच सांगितलं. ‘माझी मावशी’ म्हणायला अरबीत ‘खालती’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कॉटच्या खालती काहीतरी पडलंय. मी वाकून बघितलं. तिला ते समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली की शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली.

एकदा पट्टी बांधता बांधता मी सहज विचारलं, “खालती, तुमचं घर कुठं?”

तिने आधी चादर सारखी केली. मग चादरीवर बोटाने रेघ ओढली. हे जहरा. हा सालमीचा रस्ता. इथे उजव्या हाताला पांढरी पाण्याची टाकी. टाकीपासून सकाळच्या उन्हाकडे पाठ करून चालायचं, जमीन थोडी वर चढते, तिथे माझा काळा तंबू.

“अरफज फुलला की ये,” ती म्हणाली. “पावसानंतर सगळं पिवळं होतं. माझ्याकडे राहा. ताजं दूध देते.”

असं आमंत्रण तिथे सगळेच देतात. घरी जाणारा प्रत्येक पेशंट ‘तफद्दली’, म्हणजे ‘या, आमच्याकडे या’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पण मी त्या चादरीवरच्या रेघा डोक्यात पक्क्या केल्या. ती डिस्चार्ज घेऊन गेल्यावर महिन्याभराने फेब्रुवारीत चांगले दोन पाऊस झाले. मी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं, “मी जाणार आहे. पाठीवर पिशवी टाकून, चालत. तू येतेस?”

मैत्रीण रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरची, मुसलमान घरातली. तीही नर्स, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बोलायला लाजरी, पण एकदा ठरवलं की न हलणारी.

“चालत कशाला गो?” ती म्हणाली.

“आपल्याकडे गाडी आहे का? आणि मला बघायचंय. गाडीतून बघून झालंय.”

तिने रात्रभर विचार केला असणार. सकाळी दात घासता घासता म्हणाली, “येतंय मी. पण भाईला तू सांगायचं.”

भाई म्हणजे तिचा थोरला भाऊ. फरवानियात त्याचं कापडाचं दुकान होतं. तो ऐकून आधी हसला, मग आम्ही थट्टा करत नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“तुमी खुळ्या झाल्यात काय? दोन पोरी, वाळवंटात? ओळख ना पाळख.”

“ओळख आहे,” मी म्हटलं. “चाळीस दिवसांची.”

“तिनं तोंडदेखलं बोलावलं आसंल.”

“मग तिथं जाऊन कळेल. तोंडदेखलं असेल तर परत येऊ.”

हॉस्टेलच्या वॉर्डनबाई इजिप्तच्या होत्या. त्यांच्या नियमाप्रमाणे रात्री बाहेर राहायचं तर घरच्या माणसाची लेखी जबाबदारी लागायची. त्यांनीही तेच ऐकवलं. वाळवंटातल्या बदू लोकांचं ‘तफद्दली’ म्हणजे काही पत्ता नव्हे, म्हणाल्या. मी तीन वेळा त्यांच्या ऑफिसात गेले. तिसऱ्या वेळी मी काहीच बोलले नाही, नुसती खुर्चीत बसून राहिले. शेवटी त्यांनीच कागद पुढे सरकवला. भाईने सही केली, पण अट घातली. मंगळवारी तो आम्हाला जहराच्या पुढे सोडणार आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जहराच्या बस स्टॉपवर आम्ही उभ्या दिसलो पाहिजे.

“दिसलात नाय तर मी पोलिसांत जातंय,” तो म्हणाला.

पाठीवरची पिशवी मी स्वतः शिवली. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये फाटक्या स्ट्रेचरची कॅनव्हास टाकून द्यायला ठेवली होती ती मागून घेतली. पट्टेही स्ट्रेचरचेच. आत एक जोडी कपडे, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, ड्रेसिंगचं सामान आणि फडक्यात बांधलेल्या गुळाच्या दशम्या. सोबत शेंगदाण्याची चटणी.

भाईने आम्हाला सोडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. जहरा गावाच्या टोकाला पत्र्याच्या आणि प्लायवुडच्या घरांची मोठी वस्ती होती. तिच्या बाजूने गाडी पुढे गेली आणि बऱ्याच अंतरावर पांढरी टाकी खरंच दिसली. मला इतका आनंद झाला की मी भाईच्या पाठीवर थाप मारली. त्याने गाडी वळवली, पण निघाला नाही. आम्ही चालत पार लांब जाईपर्यंत गाडी तिथेच उभी होती.

वाळवंट म्हटलं की मला वाळूचे ढीग डोळ्यासमोर यायचे. तिथे वाळू थोडी आणि बारीक खडीच जास्त. त्या खडीतून बोटभर उंचीचं गवत वर आलेलं. जमिनीकडे सरळ वरून बघितलं तर ते दिसायचं नाही, तिरकं बघितलं की सगळीकडे हिरवी साय धरल्यासारखं. अरफजची झुडपं गुडघ्याएवढी, त्यांना पिवळी बारीक फुलं. वारा गार होता आणि ऊन चांगलं होतं. अर्धा तास आम्ही दोघी काही बोललोच नाही. मग मैत्रीण म्हणाली, “इथं आवाजच नाय गो कसला.” मला तोवर ते जाणवलंच नव्हतं.

जमीन चढली तिथे तंबू होता. म्हणजे काळा होता, लांबट होता, पण तो खालतींचा नव्हता. दोन कुत्री भुंकत अंगावर आली. आम्ही जागच्या जागी उभ्या राहिलो आणि मैत्रिणीने मदरशातल्या शुद्ध उच्चारात मोठ्याने सलाम घातला. इतक्या शुद्ध उच्चारात की आतून हसण्याचा आवाज आला. एक मध्यमवयीन बाई पडदा सारून बाहेर आली, तिने कुत्र्यांना दगड दाखवला आणि आम्हाला हाताला धरून आत नेलं.

कोण आहात, कुठून आलात, काही विचारलं नाही. आत बायकांची बाजू वेगळी, मधे विणलेला पडदा. तिने गादी झटकून आम्हाला बसवलं, पाठीशी उशा लावल्या. वेलदोड्याचा कडू कहवा छोट्या कपातून आला. पिऊन झाला की पुन्हा ओतायची. पाचव्या कपाला मैत्रीण रडकुंडीला आली, तेव्हा त्या बाईने तिचा कप हातात घेऊन हलवून दाखवला. असा हलवला की ‘पुरे’. मग खजूर, मग दही, मग भाताचं ताट. जेवण झाल्यावरच तिने विचारलं, “तुम्ही कुणाच्या मुली?”

मी खालतींचं वर्णन केलं. तिथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, अमक्याची आई म्हणून. तसं सांगितलं. पायाची जखम सांगितली, टाकी सांगितली. बाईने कोपऱ्यात बसलेल्या तिच्या सासूकडे बघितलं. सासूने खाली बघितलं.

“ते लोक इथे असायचे,” बाई म्हणाली. “दोन वसंतांपूर्वी. आता नाहीत.”

“मग कुठे?”

“पुढे विचारा. पण घाई कसली? आजचा दिवस राहा. आम्ही आणि ती काय वेगळे?”

आम्ही नर्स आहोत हे कळल्यावर तासभर तरी दवाखाना चालला. सासूचे डोळे, सुनेची कंबर, एका तान्ह्या मुलीचा कान. जेवढं जमलं तेवढं केलं, बाकीच्यांना दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. मी दशम्या पुढे केल्या. सासूने तुकडा मोडला, चावला आणि विचारलं, “ही भाकरी गोड का? कुणाचं लग्न आहे?” चटणी चाखून मात्र तिने पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला.

निघताना यजमानीण बाईने धुपाची वाटी आमच्या केसांखाली धरली. पुढचा तंबू कुठे ते हात करून दाखवलं. तो दिसत नव्हता, पण तिला दिसत असावा, कारण दीड तास चालल्यावर तो तिथेच निघाला. तिथेही तेच झालं. कहवा, खजूर, दूध. इथे मी कप वेळेवर हलवला. खालतींचं नाव काढल्यावर तिथली बाई म्हणाली, “हो हो, माहीत आहे. भली बाई. पुढे विचारा.” आणि लगेच दुसरंच बोलायला लागली. रात्री आम्ही तिथेच झोपलो. घरातली सगळ्यात जाड रजई आमच्यावर घातली होती. सकाळी बघितलं तर ती बाई आणि तिच्या मुली नुसत्या चादरीत निजलेल्या.

बुधवारी तिसऱ्या तंबूतही ‘पुढे विचारा’ झालं तेव्हा मैत्रीण वाटेत थांबली. तिच्या टाचेला फोड आला होता. ती दगडावर बसली आणि बूट काढला.

“त्यांना ठाऊक हाय,” ती म्हणाली. “सगळ्यांना ठाऊक हाय. सांगत नायत.”

“मलाही तसंच वाटतंय.”

“मेली तर नसंल ना गो?”

माझ्याही मनात तेच आलं होतं. पण मेली असती तर सांगितलं असतं. मेलेल्याबद्दल लोक लपवत नाहीत. मी तिच्या टाचेला पट्टी बांधली.

“परत जायचं?” मी विचारलं.

“परत कशाला? मी काय म्हटलं परत?” ती चिडली. “बूट बांध नीट. तूच बांध, मला वाकता येत नाय.”

चौथ्या तंबूत एकच बाई होती. नवरा पाण्याचा टँकर आणायच्या खटपटीत बाहेर. ती जमिनीवर लांब मांडलेल्या मागावर बसून विणत होती. लाल, काळा, पांढरा धागा. आमच्यासाठी उठली, कहवा केला आणि पुन्हा मागावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. यावेळी मी जेवणाची वाट बघितली नाही. माझं अरबी मोडकंतोडकं, पण मी सरळ बोलले.

“दोन दिवस आम्ही चालतोय. सगळे आम्हाला जेवायला घालतात आणि कुणी खरं सांगत नाही. ती बाई जिवंत आहे का, एवढं तरी सांगा.”

तिचा हात थांबला.

“जिवंत आहे.”

“मग?”

“तिच्याकडे तंबू नाही.” ती धाग्याकडे बघत बोलत होती. “नवरा गेला, त्यानंतर दोन वर्षं पाऊस नाही. उंट विकले, शेवटी तंबूही विकला. आता मुलाकडे असते. जहराच्या पत्र्याच्या घरांत. तुम्ही त्यांच्यावरूनच आला असाल.”

मी मैत्रिणीला मराठीत सांगितलं. भाईच्या गाडीतून ती वस्ती मी बघितली होती, तिकडे नीट लक्षही दिलं नव्हतं.

“तिने तुम्हाला तंबूत बोलावलं?” विणणाऱ्या बाईने विचारलं.

“हो.”

“म्हणून कुणी सांगितलं नाही. तुम्ही पत्र्याच्या दारात जाऊन उभ्या राहिलात तर ती काय करेल?”

मैत्रीण माझ्याकडे वळून म्हणाली, “नको जाऊया. तिला कमीपणा वाटंल. इथूनच परत जाऊ, तिला कळणार पण नाय.”

मला ते पटलं, आणि पटूनही जमेना. चाळीस दिवस मी त्या बाईचा पाय हातात धरला होता. तिच्याकडे जायचं म्हणून निघाले आणि तिच्याकडे काय नाही ते कळल्यावर मागे फिरले, तर तेच तिला कमीपणा आणणं झालं नसतं का? आणि चार तंबूंत आम्ही विचारून आलो होतो. हे तिच्या कानावर जाणारच. दोन पोरी आल्या, ऐकलं आणि परत गेल्या.

“ते जास्त वाईट,” मी म्हटलं. “मी जाणार.”

विणणाऱ्या बाईला आमचं बोलणं कळलं नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. ती म्हणाली, “जायचं असेल तर आज जाऊ नका. माझा नवरा संध्याकाळी टँकरसाठी जहराला जाईल. तो निरोप देईल, पाहुणे येताहेत म्हणून. तुम्ही उद्या निघा. आणि गाडीत बसू नका. चालत जा. सावकाश जा.”

गुरुवारी सकाळी तिच्या नवऱ्याने खरंच विचारलं, पिकअपमधून सोडू का. मैत्रिणीचा फोड फुटला होता. ती माझ्याआधी बोलली. “नाय. चालत.” हे तिने मराठीतच सांगितलं आणि त्याला समजलं.

तो दिवस मला अजून अंगात आठवतो. दहा वाजल्यापासून वारा समोरून तिरका सुटला, धुळीचा. डोक्याची ओढणी तोंडाला गुंडाळून आम्ही मान खाली घालून चाललो. टाकी दिसेना, रस्ता दिसेना. विणणाऱ्या बाईने सांगितलं होतं, वारा उजव्या गालावर ठेवा. ठेवला. मैत्रीण पाय ओढत होती. मी तिची पिशवी मागितली तर तिने हात झटकला. मधेच एका झुडपाच्या आडोशाला बसून आम्ही राहिलेली दशमी खाल्ली. दातांखाली रेती करकरत होती. कितीतरी वेळाने वारा पडला आणि टाकी आमच्या डाव्या हाताला होती, म्हणजे आम्ही थोड्या भरकटलो होतो, पण फार नाही. तिथून डांबरी रस्ता धरला.

चार वाजून गेले असतील तेव्हा पत्र्याची घरं आली. आम्ही गल्लीत शिरणार तेवढ्यात एक माणूस पुढे आला. खालतींचा थोरला मुलगा. वॉर्डात भेटीच्या वेळी मी त्याला बघितलेलं होतं. त्याने छातीवर हात ठेवून सलाम केला आणि आम्हाला घरांच्या मधून न नेता बाहेरून वळसा घालून मागच्या मोकळ्या जागेवर नेलं.

तिथे काळा तंबू उभा होता.

मी जवळ जाऊन बघितलं. तो एका तंबूचा नव्हता. छपराच्या पट्ट्या तीन वेगवेगळ्या विणीच्या होत्या, कुणाच्या करड्या, कुणाच्या गडद काळ्या, टाचून जोडलेल्या. एका बाजूचे दोर जमिनीत खुंट्या ठोकून बांधले होते आणि दुसऱ्या बाजूचे एका जुन्या डॅटसन पिकअपच्या बंपरला, कारण तिकडे जमीन खडकाळ होती. पण आत गाद्या मांडलेल्या होत्या, मधे पडदा होता, आणि बाहेर विस्तवावर कहव्याची किटली होती. विस्तवाशी खालती बसल्या होत्या, आजारी पाय लांब करून.

“किती उशीर,” त्या म्हणाल्या. “मी कालपासून कहवा उकळतेय.”

मी वाकून त्यांच्या कपाळावर ओठ टेकवले, तिथल्या पद्धतीने. मैत्रीण मिरजेकडची पद्धत माझ्याकडून शिकली होती, ती सरळ पाया पडली. खालतींनी घाबरून पाय ओढून घेतला.

आसपासच्या घरांतल्या बायका एकेक करून येऊ लागल्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी. एकीने भाताची परात आणली, एकीने तूप. खालतींनी मुलाला बकरं कापायला सांगितलं. बकरं शेजारी बांधलेलं होतं, एकच होतं.

“खालती, आम्ही मांस खात नाही,” मी म्हटलं.

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. तिच्याइतकं मटण आमच्या हॉस्टेलमध्ये कुणी खात नसे.

“दोघी?” खालतींनी विचारलं.

“दोघी,” मैत्रीण म्हणाली. चेहरा अगदी गंभीर.

“वॉर्डात तू कोंबडी खायचीस. मी बघितलंय.”

“ते वॉर्डात. प्रवासात आमचा नियम असतो.”

खालतींनी आम्हा दोघींकडे त्या दोन फटींतून बराच वेळ बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मग त्यांनी मुलाला हात केला, राहू दे म्हणून. “मग दूध पिणार. तीन तीन वाट्या. त्याला नियम नाही ना?”

“नाही.”

प्यालो. तिसऱ्या वाटीला मैत्रिणीने कप हलवावा तशी वाटी हलवली आणि बायका खो खो हसल्या.

बायका पांगल्यावर मी म्हटलं, “पाय दाखवा.” त्यांना दाखवायचा नव्हता. मी ऐकलं नाही. पट्टी सोडली तर जखम कडेने पुन्हा उघडली होती, ताजं रक्त होतं.

“हे कालचं आहे,” मी म्हटलं. “काल उभ्या होतात तुम्ही. किती वेळ?”

“तंबू उभारायचा तर कुणीतरी उभं राहून सांगायला नको? या सुनांना खुंटी कुठे ठोकायची ते येत नाही. पत्र्यात वाढल्यात.”

मी रागावले. खूप बोलले. मराठीत बोलले, कारण अरबीत मला तेवढं रागावता येत नव्हतं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मी पिशवीतलं सामान काढून जखम धुतली आणि पट्टी बांधायला घेतली. त्या छताकडे बघू लागल्या, वॉर्डात बघायच्या तशा, फक्त इथे छत काळं होतं आणि विणीतून उजेडाचे ठिपके पडले होते.

“हॉस्पिटलमध्ये सगळे मला फाईलचा नंबर विचारायचे,” त्या म्हणाल्या. “तू विचारलंस, घर कुठं. मी काय सांगायला हवं होतं?”

मी गाठ मारली.

“खोटं नाही सांगितलं मी,” त्या पुढे म्हणाल्या. “तिथेच होतं माझं घर. तू गेलीस ना तिथे?”

“गेले.”

“अरफज फुललाय?”

“फुललाय. पिवळं झालंय सगळं.”

“टाकीपासून वर चढल्यावर डाव्या हाताला एक खड्डा आहे. पावसाचं पाणी साठतं. होतं का पाणी?”

मी खड्डा बघितलाच नव्हता. पण मैत्रिणीने बघितला होता. ती म्हणाली, “होतं. शेळ्या पीत होत्या.” खालतींनी मान हलवली, आणि मग किती शेळ्या, कुणाच्या, कसल्या रंगाच्या, गवत पायाच्या घोट्यापर्यंत आलंय की वर, असं अंधार पडेपर्यंत विचारत राहिल्या. आम्ही दोन दिवसांत जे जे बघितलं ते सगळं त्यांना सांगितलं. त्या सांगण्यातच मला कळलं की मी किती बघितलं होतं.

शुक्रवारी निघताना मी त्यांच्या मुलाला बजावलं, दर आठवड्याला ड्रेसिंगला आणायचं, मी स्वतः करीन. त्याने आणलं. न चुकता आणलं. तरी उन्हाळ्यात पायाची दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर मात्र जखम भरली आणि त्या काठी टेकत चालायला लागल्या. पुढे त्यांच्या मुलाला सरकारी घर मिळालं. मी त्या घरी बऱ्याच वेळा गेले. तंबूबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी त्या जोडलेल्या पट्ट्या दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना परत दिल्या होत्या, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. पाच वर्षांनी त्या वारल्या. मी ड्युटीवर होते. त्यांच्या मुलाने वॉर्डात येऊन निरोप सांगितला.

भाई त्या शुक्रवारी जहराच्या स्टॉपवर नमाजाच्या आधीपासूनच येऊन थांबला होता. आमचे धुळीने माखलेले कपडे आणि बहिणीचं लंगडणं बघून तो काही बोलायला गेला, तर तीच म्हणाली, “काय नाय झालं. भूक लागलीय, मटण खिलव आधी.” त्याने फरवानियात नेऊन आम्हाला पोटभर खिलवलं आणि जेवताना सगळी हकिगत ऐकली. ऐकून झाल्यावर तो नुसता म्हणाला, “पुढल्या टायमाला मला दोन दिस आधी सांगा. गाडीचं टायर बदलून घेतंय.”

वॉर्डनबाईंनी मात्र कागदावर आमच्या परतीची वेळ लिहून घेतली आणि काही विचारलं नाही. आठवड्याभराने त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “तंबू होता?”

“होता,” मी म्हटलं.

मी कुवेतमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत राहिले. मैत्रिणीचं लग्न होऊन ती अबू हलीफाला राहायला गेली, तरी दर वसंतात आम्ही निघायचो. वफ्राच्या शेतांमधून चाललो, तिथे टोमॅटो काढणाऱ्या माणसांच्या खोलीत जेवलो. लग्नानंतर एकदा ती नवऱ्यालाही घेऊन आली, पण तो दुसऱ्या तासाला बस कुठे मिळेल विचारायला लागला. त्यानंतर पुन्हा दोघीच.

पण खालतींकडून आल्यानंतरच्या लगेचच्या वर्षी आम्ही फैलका बेटावर गेलो. तिथे आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. कुणी चादरीवर रेघा काढून दिल्या नव्हत्या. धक्क्यावर बोट लागली, कोळी जाळी उतरवत होते, आणि एका घराच्या दारात एक बाई मासे साफ करत बसली होती. मैत्रिणीने पिशवीचे पट्टे घट्ट केले.

“तू घालतेस सलाम की मी?” मी विचारलं.

“मीच घालतंय,” ती म्हणाली. “तुझे उच्चार बरोबर नायत.” आणि ती पुढे झाली.